चूक दिसते सहाव्या ओळीत, असते पाचव्या ओळीत : गेमची जेसन फाइल दुरुस्त करताना



आजचा पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आज आपण माइनक्राफ्ट या गेमच्या अ‍ॅड-ऑनमध्ये जी एक छोटीशी फाइल असते, तिच्यातल्या चुका कशा शोधायच्या ते पाहणार आहोत. गेमचं नाव वाचून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील. माझ्याही पडल्या होत्या. पण पाठ पूर्ण वाचा, कारण यात गेम थोडा आणि विरामचिन्हं जास्त आहेत.

झालं असं. चौथीपर्यंत माझ्या वर्गात शिकलेला एक मुलगा आता सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला. हातात वडिलांचा फोन, चेहरा पडलेला. त्याने माइनक्राफ्टसाठी स्वतःचा पॅक बनवला होता. गेममध्ये शेती असते, गहू आणि गाजरं पिकवतात. याने काय केलं, तर गाजराच्या जागी लाल मिरची आणि गव्हाच्या जागी ज्वारीचं कणीस काढलं! अशी अकरा चित्रं त्याने भावाच्या कॉम्प्युटरवर काढली होती. गेममधलं अशा पिकाचं मूळ चित्र १६ चौकोन रुंद आणि १६ चौकोन उंच असतं, म्हणजे एका चित्रात २५६ चौकोन. प्रत्येक चौकोनाचा रंग ठरवायचा. अकरा चित्रांचा गुणाकार तुम्हीच करा.

आणि एवढं करून गेम तो पॅक घेतच नव्हता. ‘इम्पोर्ट झालं नाही’ एवढंच सांगायचा. ‘मॅडम, तीन दिवस झाले. आता सगळं डिलीटच करतो,’ असं म्हणत तो दारातच उभा.

मला गेममधलं काही कळत नाही हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘गेमचं नाही मॅडम, फाइलचं आहे. सहाव्या ओळीत चूक आहे म्हणतंय, पण सहावी ओळ बरोबर आहे. मी तीनदा पुसून परत लिहिली.’ हे ऐकल्यावर मात्र मी चष्मा लावला.

ही फाइल असते तरी काय?

माइनक्राफ्ट हा स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा गेम. तो २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. फोनवर चालतो त्या आवृत्तीला बेडरॉक म्हणतात. या आवृत्तीत आपल्या पदरची भर घालता येते. चित्रं आणि आवाज बदलायचे असतील तर रिसोर्स पॅक, प्राण्यांचं किंवा वस्तूंचं वागणं बदलायचं असेल तर बिहेविअर पॅक. पॅक म्हणजे एक फोल्डर. त्याची झिप करून नावाच्या शेवटी डॉट एमसीपॅक लिहिलं की गेम ती उघडतो.

प्रत्येक पॅकमध्ये मॅनिफेस्ट नावाची फाइल लागतेच. आपल्या हजेरीपत्रकाच्या पहिल्या पानासारखी समजा. शाळेचं नाव, इयत्ता, तुकडी, वर्ष. पान कोरं असेल किंवा खाडाखोड असेल तर आतल्या हजेरीला अर्थ नाही. तसंच गेम आधी मॅनिफेस्ट वाचतो, आणि ती वाचता आली नाही तर आतल्या मिरचीकडे ढुंकूनही बघत नाही.

ही फाइल जेसन नावाच्या पद्धतीने लिहितात. स्टारड्यू व्हॅलीचे कंटेंट पॅक आणि फॅक्टोरिओचे मॉडही याच पद्धतीची फाइल वापरतात, त्यामुळे एकदा शिकलं की पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतं. त्या मुलाची फाइल साधारण अशी होती. प्रत्यक्ष फाइलमध्ये चौकटीबाहेरचे हे सगळे शब्द इंग्रजी लहान अक्षरांत आणि आकडे इंग्रजी असतात. इथे समजायला सोपं जावं म्हणून मी देवनागरीत लिहिले आहेत. डावीकडचे ओळींचे क्रमांकही माझेच.

१  {
२    "फॉरमॅट_व्हर्जन": २,
३    "हेडर": {
४      "नेम": "आमची शेती",
५      "डिस्क्रिप्शन": "मिरची आणि ज्वारी"
६      "यूयूआयडी": "पहिला ओळख क्रमांक",
७      "व्हर्जन": [१, ०, ०],
८      "मिन_इंजिन_व्हर्जन": [१, १६, ०]
९    },
१०   "मॉड्यूल्स": [
११     {
१२       "टाइप": “रिसोर्सेस”,
१३       "यूयूआयडी": "दुसरा ओळख क्रमांक",
१४       "व्हर्जन": [१, ०, ०]
१५     }
१६   ]
१७ }

यात चिन्हं किती, पाहा. दोन महिरपी कंस, दोन चौकटी कंस, एक अपूर्णविराम, एक स्वल्पविराम. फक्त सहा. शिवाय शब्दांभोवती दुहेरी अवतरणचिन्ह. महिरपी कंसात नाव आणि त्याची माहिती अशा जोड्या असतात, मध्ये अपूर्णविराम. चौकटी कंसात नुसती रांग असते. दोन गोष्टींच्या मध्ये स्वल्पविराम. शेवटच्या गोष्टीनंतर स्वल्पविराम नाही, कारण पुढे कोणी येणार नाही. आपण ‘आंबा, फणस, काजू’ लिहितो तेव्हा काजूनंतर स्वल्पविराम देत नाही ना, तसंच.

पुढे वाचण्याआधी वरच्या फाइलमध्ये किती चुका सापडतात ते बघा बरं.

वाचणारा कुठे अडखळतो?

आता फळ्यावर हे वाक्य लिहिलंय असं समजा :

आई बाजारात गेली बाबा घरी आले.

मोठ्याने वाचा. तुम्ही कुठे अडखळलात? ‘बाबा’ या शब्दावर. ‘गेली’पर्यंत सगळं सुरळीत होतं. पण चूक ‘बाबा’ या शब्दात आहे का? नाही. चूक त्याच्या आधी आहे, तिथे पूर्णविराम राहिलाय. अडखळण्याची जागा आणि चुकीची जागा या वेगळ्या असतात. वह्या तपासताना हे आपण रोज करतो, फक्त कधी मोठ्याने बोलत नाही.

फाइल तपासणारं साधन अगदी असंच वाचतं. ते जेसनलिंटसारखं संकेतस्थळ असो किंवा कॉम्प्युटरवरचा व्हीएस कोड. वरून खाली, एकेक अक्षर. पाचवी ओळ संपली. आता स्वल्पविराम तरी यावा किंवा कंस तरी बंद व्हावा अशी त्याची अपेक्षा. आलं काय, तर सहाव्या ओळीचं अवतरणचिन्ह! ते तिथे अडखळलं आणि म्हणालं, ‘ओळ सहा’. त्याने खोटं सांगितलं नाही. ‘मी इथे थांबलो’ एवढंच ते सांगत होतं. आपण ते ‘चूक इथे आहे’ असं ऐकतो.

म्हणून त्या मुलाने तीन दिवस सहावी ओळ पुसली. त्या ओळीत यूयूआयडी म्हणजे पॅकचा ओळख क्रमांक असतो. ३२ आकडे-अक्षरं, पाच गट, गटांत अनुक्रमे ८, ४, ४, ४ आणि १२, मध्ये आडव्या रेघा. शून्य ते नऊ आकडे आणि इंग्रजीतली ए ते एफ एवढीच अक्षरं. हा भीतीदायक क्रमांक चुकला असणार, असं त्याला वाटणं साहजिकच होतं. त्याने तीन वेळा नवा क्रमांक तयार करून घातला. पाचवी ओळ बिचारी साधी, ‘मिरची आणि ज्वारी’, तिच्याकडे कोण बघतो?

मी त्याला फळ्यावरचं वाक्य सांगितलं, आणि एवढंच म्हटलं, ‘एक ओळ वर बघ.’ पाच सेकंद शांतता. मग ‘आईशप्पथ!’ त्याने स्वल्पविराम टाकला.

ओळीचा आकडा पुढे गेला की मागे आला?

परत तपासलं तर आता ‘ओळ बारा’. मुलगा हिरमुसला. ‘अजून बिघडलं मॅडम.’

इथे थांबा, कारण हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि पुष्कळ मुलं इथेच सोडून देतात. मघाशी वाचणारा सहाव्या ओळीवर थांबत होता. आता तो बाराव्यावर थांबला, म्हणजे सहा ते अकरा या ओळी त्याने न अडखळता वाचल्या. हे बिघडणं नाही, ही प्रगती आहे. पहिलीतलं मूल काल पहिल्या ओळीवर अडकलं आणि आज तिसऱ्यावर अडकलं तर आपण त्याला शाबासकी देतो की रागावतो?

यावरून एक सवय लावून घ्या. चुकांची यादी कितीही लांब आली तरी फक्त पहिली चूक दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा. एका राहिलेल्या चिन्हामुळे खाली दहा तक्रारी येऊ शकतात, आणि ते एक चिन्ह टाकलं की दहाही जातात.

बाराव्या ओळीत काय होतं? नीट बघा, ‘रिसोर्सेस’ शब्दाभोवतीची अवतरणचिन्हं वाकडी आहेत. बाकीच्या ओळींत सरळ (") आणि इथे वळणदार (“ ”). त्याने हा शब्द वर्डमध्ये टाइप करून मग इथे चिकटवला होता. वर्ड आपलं लेखन सुंदर दिसावं म्हणून अवतरणचिन्हांना वळण देतो. काही फोनचे कीबोर्डही देतात. पुस्तकात ती छान दिसतात, पण जेसनला फक्त सरळ चिन्ह कळतं. इथे मात्र चूक त्याच ओळीत होती. म्हणजे नियम असा, की आधी दाखवलेली ओळ बघा आणि तिथे काही नसेल तर वर सरका. खाली सहसा जाऊ नका.

ती दुरुस्त केली. एवढ्यात तो म्हणाला, ‘मॅडम, व्हर्जनपण वाढवू या, नवीन पॅक आहे हे गेमला कळेल.’ मी म्हटलं बरं, आणि सातव्या ओळीतला शेवटचा शून्य पुसून तिथे एक लिहिला. माझ्या हाताने.

तपासलं. ‘ओळ सात’!

आकडा मागे आला. मघाशी सातवी ओळ वाचली गेली होती, म्हणजे ती तेव्हा शुद्ध होती. मग हे कोणी बिघडवलं? आत्ता ज्याने हात लावला त्याने. म्हणजे मीच. पण मला काही दिसेना. कंस ठीक, स्वल्पविराम ठीक, एक, शून्य, एक. मी सहावी ओळ बघितली, पाचवी बघितली. पंधरा मिनिटं गेली. शेवटी त्यानेच स्क्रीनवर बोट ठेवलं. ‘मॅडम, हा एक मराठी आहे.’

फोनवर माझा मराठी कीबोर्ड चालू होता. त्यावरून मी देवनागरी एक लिहिला. मला दोन्ही आकडे रोजचेच, डोळ्याला फरक जाणवतच नाही. पण जेसनमध्ये संख्या लिहायची तर इंग्रजी आकड्यांतच. अवतरणचिन्हांच्या आत मात्र देवनागरी खुशाल चालते. पॅकचं नाव ‘आमची शेती’ ठेवायला जेसनची काही हरकत नाही, फाइल यूटीएफ-८ पद्धतीने जतन केली म्हणजे झालं. आपल्या मुलांनी ही गोष्ट खास लक्षात ठेवावी, कारण इंग्रजी व्हिडिओत शिकवणाऱ्याला ही चूक कधी होतच नाही, मग तो सांगणार कशाला?

आणि एक कबुली. मी दुरुस्ती करताना मूळ फाइलची प्रत काढलेली नव्हती. सुदैवाने मूळ व्हर्जन आम्हा दोघांना आठवत होतं. तुम्ही मात्र हात लावण्याआधी प्रत काढाच.

शुद्ध आहे, पण खरं आहे का?

आता तपासणीत फाइल शुद्ध निघाली. हिरवी खूण. आम्ही झिप केली, नाव बदललं, उघडली. आणि गेम पुन्हा नाहीच म्हणाला!

‘गाय अंडी घालते.’ या वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे, पूर्णविराम आहे. व्याकरणात पैकीच्या पैकी गुण. जेसन तपासणारं साधन फक्त एवढंच बघतं. वाक्य खरं आहे का, हे ते बघत नाही. ते गेम बघतो.

आमच्या फाइलमध्ये सहाव्या आणि तेराव्या ओळीतला ओळख क्रमांक एकच होता. तिसऱ्या दिवशी कंटाळून त्याने एकच क्रमांक दोन्हीकडे चिकटवला होता. हेडरचा क्रमांक वेगळा आणि मॉड्यूलचा वेगळा असावा लागतो. तसंच दुसऱ्या कोणाचा पॅक घेऊन बदल करत असाल तर दोन्ही क्रमांक नवे घ्या, नाहीतर हा पॅक आधीच आहे असं गेमला वाटतं. याच जातीच्या आणखी चुका म्हणजे हेडर शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लिहिणं, किंवा चौकटी कंसातलं व्हर्जन अवतरणचिन्हांत घालणं. नुसतं व्याकरण तपासणारं जेसन साधन याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

क्रमांक बदलला, आणि मग पॅक आत गेला. त्याने गेममध्ये शेतात उभं राहून लाल मिरची उपटून दाखवली. मला ती आधी गाजरच वाटली, पण मी ते बोलले नाही.

मग तो म्हणाला, नावसुद्धा बदलायचं आहे, अजून ‘कॅरट’च लिहून येतंय. त्यासाठी वेगळी फाइल असते, तिच्या नावाच्या शेवटी डॉट लँग. तिचं व्याकरण निराळं. एका ओळीत एक नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, पुढे हवा तो शब्द. अवतरणचिन्हं नाहीत, स्वल्पविराम नाहीत. जेसनच्या सवयीने तिथे चिन्हं टाकली तर मिरचीच्या नावासोबत तीही दिसतील. मराठीचं शुद्धलेखन इंग्रजीला लावत नाही, तसंच हे.

कंसांचा हिशेब

आमची फाइल सतरा ओळींची होती म्हणून निभावलं. बिहेविअर पॅकमधल्या फाइली शेकडो ओळींच्या असतात आणि तिथे कंस हरवतात. समजा, वरच्या फाइलमध्ये नवव्या ओळीतला महिरपी कंस राहिला आणि नुसता स्वल्पविराम उरला. वाचणाऱ्याला संशयसुद्धा येत नाही. त्याला वाटतं ‘मॉड्यूल्स’ हे हेडरच्याच पोटातलं आहे. तो आनंदाने पुढे वाचत जातो. सतराव्या ओळीतला कंस हेडरचा समजतो. फाइल संपते तेव्हा त्याच्या लक्षात येतं की सगळ्यात बाहेरचा कंस उघडाच आहे. चूक नवव्या ओळीत, तक्रार फाइलच्या शेवटी! तेव्हा तक्रार अगदी शेवटी आली तर एक ओळ वर बघून भागत नाही, कंस मोजावे लागतात.

मोजायची रीत सोपी. उघडणारा कंस आला की अधिक एक, बंद होणारा आला की वजा एक. शेवटी शून्य उरलं पाहिजे. महिरपी आणि चौकटी वेगवेगळे मोजा. आमच्या फाइलमध्ये महिरपी तीन उघडतात, तीन मिटतात. चौकटी चार उघडतात, चार मिटतात. सहावीच्या वर्गात पूर्णांक संख्या शिकवताना मी हे उदाहरण फळ्यावर घेतलं तर मुलं तुटून पडली.

प्रत्येक उघड्या कंसानंतर पुढची ओळ थोडी आत सरकवून लिहिली तर अर्धी मोजणी डोळ्यांनीच होते. जेसनला ती मोकळी जागा असली काय, नसली काय, सारखीच. ती आपल्यासाठी आहे.

फारच मोठी फाइल असेल तर प्रत काढून तिचा खालचा अर्धा भाग कापा, कंस नीट मिटवा आणि तपासा. चूक गेली तर ती कापलेल्या भागात होती, राहिली तर उरलेल्या भागात आहे. पुन्हा अर्धं करा. हजार ओळींची फाइल दहा वेळा अर्धी केली की एका ओळीवर येता.

सराव

खालच्या फाइलमध्ये व्याकरणाच्या पाच चुका आहेत. वहीत उतरवून घ्या, पेन्सिलने खुणा करा आणि मगच उत्तर वाचा.

१  {
२    "फॉरमॅट_व्हर्जन": २,
३    "हेडर": {
४      "नेम": "पावसाळी पॅक,
५      "डिस्क्रिप्शन": "ढग आणि छत्र्या",
६      "व्हर्जन": [१, ०१, ०],
७    },
८    "मॉड्यूल्स": [
९      { "टाइप": "रिसोर्सेस" "व्हर्जन": [१, ०, ०] }
१०   }
११ }

उत्तर : चौथ्या ओळीत ‘पॅक’नंतर अवतरणचिन्ह मिटवलेलं नाही. सहाव्या ओळीत दोन चुका आहेत. ‘०१’ चालत नाही, कारण जेसनमध्ये संख्येच्या आधी फुकटचा शून्य लावता येत नाही. आणि ओळीच्या शेवटी स्वल्पविराम आहे पण पुढे कोणीच नाही, लगेच कंस मिटतो. नवव्या ओळीत ‘रिसोर्सेस’नंतर स्वल्पविराम राहिला. दहाव्या ओळीत चौकटी कंस मिटवायचा होता, तिथे महिरपी आला.

या पाचही दुरुस्त केल्या तरी गेम हा पॅक घेणार नाही. का, ते वरच्या पहिल्या फाइलशी ओळ-ओळ ताडून पाहा आणि वहीत लिहून ठेवा.